वडील पडले म्हणून त्यांना पुण्याला न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडील 76 वर्षांचे, फौजेतून निवृत्त, बेळगाव तालुक्यातल्या गावात एकटेच राहतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली. पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तुम्ही त्यांना बाहेर पडू नका म्हणून बजावलंय आणि जेवणाला बाई लावलीय. आता ते फोनवर धड बोलत नाहीत, जेवण निम्म्यावर आलंय. अशा वेळी त्यांना पुण्याला आणावं का?

मी खानापूर तालुक्यातली, लग्न होऊन बेळगावात आले. माझ्या आप्पांच्या बाबतीत अगदी हेच घडलं आणि जी चूक तुम्ही करताय तीच मी केली होती, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आमच्याकडे जांबोटीच्या अंगाला पाऊस एकदा लागला की हटत नाही. परड्यातल्या दगडांवर शेवाळ धरतं. आप्पा तिथंच घसरले, मनगट मोडलं. मी आणि भावानं त्याच दिवशी ठरवून टाकलं : आता शेत नाही, देऊळ नाही, डेअरीला दूध घालायला जायचं नाही. भावानं म्हैससुद्धा विकली. प्लास्टर दीड महिन्यात निघालं, हात बरा झाला. पण दसऱ्याला बघितलं तर आप्पांना हाताचा टेका दिल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात माणूस बसून राहिला की मांड्यांची ताकद फार लवकर जाते आणि परत यायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे पडू नये म्हणून ज्यांना आम्ही बसवलं, ते बसवल्यामुळेच पुन्हा पडायच्या बेताला आले होते.

आणि डेअरी म्हणजे नुसतं दूध नव्हतं हे तर मला फार उशिरा कळलं. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन रांगेत उभं राहायचं, कुणाची म्हैस गाभण, कुणाची सून आली, भाताला खत आलं का, एवढं बोलून यायचं. दिवसाला दहा माणसं त्यांना "काय करालास गा?" म्हणून विचारायची. म्हैस गेली आणि तेही गेलं.

म्हणून माझं स्पष्ट मत : आत्ता पुण्याला नेऊ नका. आधी ते का पडले ते शोधा.

त्यांच्या गोळ्यांची पिशवी आहे तशी उचला, आयुर्वेदिक काढ्यापासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत सगळी, आणि एकाच फिजिशियनसमोर ओता. आप्पांना बीपीची गोळी एकानं दिली होती, लघवीच्या त्रासाची दुसऱ्यानं. दोन्हींनी उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं काही ठाऊक नव्हतं. झोपेच्या गोळ्या असतील तर त्याही सांगा, त्यांनी पाय अडखळतात. डॉक्टरांना सांगून बीपी एकदा झोपवून आणि मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजायला लावा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर कारण बऱ्यापैकी हाताला लागलं. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. वडील फौजेतले आहेत म्हणजे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल. बेळगावात त्यांचं पॉलिक्लिनिक आहे, औषधं आणि पुढची चिठ्ठी तिथूनच मिळते. कार्ड काढलंच नसेल तर हे काम सगळ्यात आधी.

मोतीबिंदू आणि कान याच फेरीत तपासून घ्या. ऐकू कमी येणारा माणूस फोनवर "हां, हां" म्हणून ठेवून देतो आणि आपण समजतो की बोलायची इच्छा नाही.

आता जे तुम्हाला पुण्यात कुणी सांगणार नाही ते. दवाखान्यात त्यांच्याबरोबर कन्नड येणारं माणूस पाठवा. नर्स कन्नडमध्ये विचारते, डॉक्टर निम्मं इंग्रजीत बोलतात, कागद इंग्रजी, सरकारी पत्र कन्नड. तुमचे वडील पलटणीत हिंदी शिकले असतील, तरी रात्री लघवीला किती वेळा उठता, छातीत नेमकं कुठं दुखतं, हे परक्या भाषेत सांगायला म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते. आमचे आप्पा सगळ्याला "बरं हाय" म्हणायचे. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. बरोबर आमच्या शेजारचा मुलगा गेला तेव्हा कळलं की महिनाभर त्यांना उठताना डोळ्यांपुढं अंधारी येत होती. अर्ध्या पानावर आजार, चालू गोळ्या, ॲलर्जी आणि तुमचा नंबर इंग्रजीत लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. 108 ची गाडी आली तर तो कागद त्यांच्या वतीनं बोलेल.

घराचं काम दोन दिवसांचं. शेवाळ ब्लीचिंग पावडरनं घासून काढा, न्हाणीत आणि संडासात भिंतीला दांडी ठोकून घ्या, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा ठेवा, गुळगुळीत झालेली रबरी चप्पल फेकून द्या.

जेवण तुटणं आणि गप्प होणं हे मात्र "वय झालं" म्हणून सोडू नका. बायको गेल्यावर पुरुष माणूस असा आतून बसतो आणि रडतही नाही. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार होतात. थायरॉइड आणि बी-12 चं रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टरांना जेवणाबरोबर या गप्प होण्याबद्दलही सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आधी तुम्हीच फोन करून काय करावं ते विचारलंत तरी चालेल.

ज्यांच्या घरी पेन्शन नाही अशांसाठी दोन ओळी. कर्नाटकात 65 वर्षांच्या पुढच्या गरीब वृद्धांना संध्या सुरक्षा योजनेतून महिन्याला पैसे मिळतात, अर्ज नाडकचेरीत, म्हणजे गावाजवळच्या महसूल कार्यालयात. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत. जून 2023 पासून बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही. माझी मावशी तेव्हापासून नेमानं खानापूरच्या बाजाराला जाते आणि दवाखान्याची तारीख चुकवत नाही. पुरुषांना साठीनंतर तिकिटात सवलत आहे. कुठल्याही अडचणीला 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ.

एक गोष्ट मी तुमच्या वडिलांच्या बाजूनं सांगते, राग मानू नका. नेताना घर विकू नका आणि स्वतःच्या नावावर करून घेऊ नका. त्यांनीच बक्षीसपत्र करायचं ठरवलं तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23 सांभाळ झाला नाही तर त्यांच्या कामी येतं, तक्रार एसी (असिस्टंट कमिशनर) कचेरीतल्या न्यायाधिकरणापुढं चालते. परतायला आपलं घर आहे हे माहीत असलेला म्हातारा पुण्यालाही मोकळ्या मनानं येतो.

न्यावंच लागेल अशी वेळ असते, ती ओळखा. गॅस चालू ठेवून विसरणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, आंघोळ टाळणं, गोळ्या दोनदा घेणं. तेव्हा एकटं ठेवणं बरोबर नाही. तोवर हवं तर महिनाभर पुण्यात राहून बघू दे. पण ते चौथ्या मजल्यावर दिवसभर कुणाशी बोलणार आहेत, ते आधी ठरवा.

गावात मात्र त्यांना काम द्या. आमच्या आप्पांसाठी आम्ही पुन्हा म्हैस घेतली नाही, धार काढणं आता होणार नव्हतं. पण शेजाऱ्यांच्या दुधाची किटली डेअरीला पोचवायचं काम त्यांनी मागून घेतलं. एक लिटरपासून सुरू केलं, हातात काठी, बरोबर शेजारचा नातू. रोज दहा वेळा खुर्चीतून उठ-बस. फाल्गुनात ते एकटे जायला लागले.

तुमच्या वडिलांना तर याहून मोठं काम आहे. आपल्या भागात पहाटे प्रत्येक गावच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. त्यातल्या दोघांना हाताशी धरा आणि सांगा, सुभेदार असोत की हवालदार, माझ्या बाबांना रोज मैदानावर घेऊन जा. खुर्ची टाकून बसू देत, हातात घड्याळ देऊन वेळ मोजू देत, भरतीत काय काय होतं ते सांगू देत. पोरं त्यांना हाक मारायला दारात येतील. तुमच्या फोनला ते उठणार नाहीत, त्या हाकेला उठतील. आणि कुठं खाली बसले, चक्कर आली, तर सगळ्यात आधी तुम्हाला फोन करणारी तीच पोरं असतील. त्यांचे नंबर आजच घेऊन ठेवा.