गुलमर्गला स्कीइंगला निघतोयस, तर आधी खाऊचं बघ

बूट-जॅकेटचं सगळं विचारलंस, खाण्यापिण्याचं राहिलंच. आपल्या ठाण्यात घामाच्या धारा लागतात, त्यामुळे पाण्याची आठवण राहते. गुलमर्गला, साधारण 2,650 मीटरवर, थंडीत तहान फारशी जाणवत नाही. कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी मात्र जातच राहतं. दुपारी डोकं ठणकलं की सगळे उंचीला दोष देतात. पुष्कळदा पाणीच कमी पडलेलं असतं. म्हणून दर फेरीनंतर दोन-चार घोट घेच, तहान नसली तरी. बाटली जॅकेटच्या आत ठेव, बाहेर पाणी गोठतं. थर्मासमध्ये कोमट पाणी असेल तर फारच छान.

सकाळी पोटभर खाऊन नीघ. दुपारी मात्र राजमा-भातावर ताव मारू नकोस. अंग सुस्तावतं, आणि स्कीइंगला पाय ताजे हवेत. त्यापेक्षा खिशातून थोडं थोडं खात राहा. जांभळी नाक्यावरून बिनबियांचा खजूर घे, आईकडून चार गूळपोळ्या करून घे. चिक्की नको, थंडीत दगडासारखी होते आणि हातमोजे घालून मोडत नाही.

आणि रम कुणी पुढे केली तर सरळ नाही म्हण. ऊब आल्यासारखं वाटतं, पण त्वचेकडे रक्त वाढून अंगातली उष्णता बाहेर पडते. त्याऐवजी गरमागरम कहवा, म्हणजे काश्मिरी चहा, घे.