ढगात नाही हो, महापेत!

मागच्या महिन्यात सहज लिहून गेलो की क्लाउडबद्दल काही अडलं असेल तर विचारा, आणि पत्रं अशी आली की निम्म्या ठाण्याचं अडलेलं दिसतंय. सगळी घेता आली नाहीत, पाच घेतलीत.

प्रश्न : नातू म्हणतो, आजी तुझे सगळे फोटो क्लाउडवर आहेत, काळजी करू नको. पण क्लाउड म्हणजे नक्की कुठे? आणि पावसाळ्यात ते बंद पडतं का? हसू नका.
– निवृत्त शिक्षिका, ठाणे पूर्व

उत्तर : हसत नाही बाई (शिक्षिका म्हटलं की तोंडातून बाईच निघतं). क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी कॉम्प्युटर, जो आपण नेटवरून वापरतो, बस. पूर्वी इंजिनिअर लोक नेटवर्कची आकृती काढताना मधला जो भाग दाखवायची गरज नसायची तिथे एक ढग काढून मोकळे व्हायचे, तेच नाव चिकटलं. खरा ढग बघायचा असेल तर ठाण्याहून वाशी गाडी पकडा, घणसोलीला उतरून महापे एमआयडीसीची रिक्षा करा. तिकडे, रबाळ्याला, ऐरोलीला मोठ्या ठोकळ्यासारख्या बिल्डिंगी आहेत ना, ज्यांना खिडक्या जवळजवळ नाहीतच, त्यातल्या बऱ्याच डेटा सेंटर आहेत, म्हणजे नेटवरून वापरायच्या कॉम्प्युटरांची गोदामं.

मी कामासाठी एकदा अशा ठिकाणी आत गेलोय. गेटवर मोबाइल जमा, बुटांवर प्लास्टिकची पिशवी, मग दोन दारांची एक चिंचोळी खोली, पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडतच नाही. आत कॉम्प्युटर भरलेल्या कपाटांच्या रांगाच रांगा. एका गल्लीत स्वेटर लागेल अशी थंडी आणि पलीकडच्या गल्लीत त्याच कपाटांच्या पाठीतून भट्टीसारखी गरम हवा, आणि पंख्यांचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. अर्थात माणूस एखादाच.

पावसाचं म्हणाल तर, लाइट गेली की आधी बॅटऱ्या काही मिनिटं ओढतात आणि तेवढ्यात बाहेरचे डिझेल जनरेटर सुरू होतात. त्यामुळे क्लाउड सहसा बंद पडत नाही, बंद पडतो तो आपल्या घरातला वायफायचा डबा. ही सेंटरं इथेच एवढी का, तर समुद्राखालून येणाऱ्या नेटच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला, वर्सोव्याकडे वर येतात आणि एमआयडीसीत जागा आणि वीज मिळते. तुमचे फोटो मात्र महापेतच असतील असं धरून चालू नका, कंपन्या कॉप्या करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, एखादी दुसऱ्या देशातही असेल.

प्रश्न : फोन भरला म्हणून फोटो डिलीट केले, क्लाउडवर आहेत या भरवशावर. बघते तर तिथलेही गेले! लेकीच्या बारशाचे होते हो. आता काय करू?
– घणसोली

उत्तर : ताई, आधी अ‍ॅपमधला बिन, म्हणजे डिलीट केलेलं जातं तो डबा उघडा, मग पुढचं वाचा. गूगल फोटोज असेल तर बॅकअप झालेले फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस बिनमध्ये राहतात, तिथून परत घेता येतात.

मिळाले? आता चूक कुठे झाली ते सांगतो, आणि ही चूक शंभरातले नव्वद लोक करतात, मीही केलीय. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे आरसा, तुम्ही इकडे टिकली काढली की आरशातलीही जाते. बॅकअप म्हणजे फोटो काढून अल्बममध्ये लावलेला, टिकली काढा नाहीतर काही करा, त्यात ती आहेच. नावाला बॅकअप लिहिलं असलं तरी फोनचे बरेचसे अ‍ॅप आरशासारखे वागतात. फक्त फोनमधली जागा रिकामी करायची असेल तर त्यासाठी जागा मोकळी करायचा वेगळा पर्याय असतो, तो फोटो आधी क्लाउडवर पोचलेत का ते बघतो आणि फक्त फोनमधले काढतो. तो वापरा, कचऱ्याच्या डब्याचं बटण नको.

आणि फुकट जागा किती, तर गूगलवर १५ जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. १ जून २०२१ च्या आधी जरा कमी क्वालिटीचे फोटो यात मोजत नव्हते, ते दिवस गेले. महिन्याचं भाडं भरा किंवा एक हार्ड डिस्क घ्या, खरं तर दोन्ही करा. २६ जुलै २००५ ला आम्ही तळमजल्यावर राहायचो, पाणी उतरल्यावर लग्नाचा अल्बम उघडला तर पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना आईचा चेहरा बाबांच्या सफारीवर उमटला. तेव्हापासून माझं म्हणणं एकच, एक कॉपी घरात, एक घराबाहेर.

प्रश्न : वाशी मार्केटला फळांचा गाळा आहे. हिशोबाचा कॉम्प्युटर जुना झालाय. एकजण म्हणतो स्वतःचा सर्व्हर घ्या, दुसरा म्हणतो क्लाउड घ्या. काय करू?
– आंबेवाला

उत्तर : शेठ, हापूसचा सीझन आला की तुम्ही काय करता? जादा हमाल लावता, जादा टेम्पो सांगता, जूनमध्ये आवक संपली की सोडून देता. वर्षभराला दहा टेम्पो विकत घेऊन ठेवत नाही. क्लाउडची सगळी गंमत यातच आहे. अ‍ॅमेझॉनने २००६ साली ताशी भाड्याने कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली (त्यांचं मुंबईतलं केंद्र २०१६ चं) आणि तेव्हापासून ज्याला जेवढं लागेल तेवढं घ्यावं, वापरलं त्याचे पैसे द्यावे, असा हा धंदा आहे.

पण भाड्याची गाडी उभी राहिली तरी मीटर चालूच असतो. मी एकदा शुक्रवारी टेस्टिंगसाठी एक मोठं मशीन चालू केलं आणि बंद करायचं विसरून गावाला गेलो, सोमवारी बिल बघून साहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणून तुम्हाला मशीन भाड्याने घ्यायची भानगडच नको. एका गाळ्याला हिशोबाचं तयार क्लाउड सॉफ्टवेअर पुरे, सर्व्हर, म्हणजे सगळा डेटा सांभाळणारा स्वतःचा कॉम्प्युटर, घेतलात तर त्याचा एसी, यूपीएस आणि दुरुस्तीवाल्याचे फोन हे सगळं तुमच्याच गळ्यात.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला विचारा की उद्या सोडायचं ठरवलं तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळेल का, आणि बॅकअप दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आहे का. दुसरा प्रश्न उगाच नाही, मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांनी कॉपी दुसरीकडे ठेवली नव्हती त्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. क्लाउड आहे म्हणजे बॅकअप आपोआप आहे, असं नसतं. आणि नेट गेलं तर पहाटेच्या लिलावात अडायला नको, मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचा ठेवा.

प्रश्न : आयएएएस, पीएएएस, एसएएएस यातला फरक डोक्यात बसत नाहीये. परवा व्हायवा आहे.
– ऐरोली

उत्तर : क्लाउड भाड्याने द्यायच्या या तीन तऱ्हा, इन्फ्रास्ट्रक्चर, प्लॅटफॉर्म आणि सॉफ्टवेअर ‘अ‍ॅज अ सर्व्हिस’. दिवाळीची चकली आठव. आचाऱ्याची भट्टी आणि कढई भाड्याने घेतली, भाजणी, तेल, तळणं सगळं तुझं, ते आयएएएस, म्हणजे नुसतं मशीन भाड्याने. तयार भाजणी, सोऱ्या, गरम तेल सगळं मिळालं, तू फक्त पीठ मळून चकल्या पाडल्या, ते पीएएएस, म्हणजे तू फक्त कोड लिहायचा. बचत गटाकडून तयार पाकीट आणलं ते एसएएएस, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, आपलं जीमेल तसलंच. चकली कडक झाली तर शिव्या कुणाला, हे तिन्हीत बदलतं, बाहेरचे सर तेच फिरवून विचारतात. व्याख्या विचारली तर अमेरिकेच्या निस्ट संस्थेची २०११ ची सांग, पाच लक्षणं, तीन सेवा, चार प्रकार. पाठ कर आणि झोप.

प्रश्न : डिजिलॉकर पण क्लाउडच ना? त्यात आधार, लायसन्स ठेवणं सेफ आहे का?
– कळवा

उत्तर : हो काका, क्लाउडच, २०१५ पासून आहे आणि सरकारी आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, खात्याने स्वतः दिलेला कागद, म्हणजे अ‍ॅपमधल्या ‘इश्यूड’ या भागातला, तो ओरिजिनलच्या बरोबरीचा धरतात. तुम्ही फोटो काढून अपलोड केलेला नाही, तो नुसती झेरॉक्स समजा. माझं लायसन्स मी खिशात ठेवणं केव्हाच सोडलंय.

सेफचं म्हणाल तर इमारतीला कितीही कुलपं असोत, चावी तुमच्याकडेच आहे. बहुतेक फसवणूक डेटा सेंटर फोडून नाही, गोड बोलून ओटीपी काढून होते. पिन कुणाला सांगू नका, मेलला दोन पायऱ्यांचं व्हेरिफिकेशन लावा. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर अजून तोच आहे का ते आजच बघा, जुना असेल तर आधी बदला, नाहीतर तुमचे ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतील.