वाचक विचारतात : गाणं त्याच्या मूळ पट्टीत

या वेळच्या तीन पत्रांपैकी दोन पत्रं एकाच गाण्याबद्दल आहेत, ब्रिटिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या ‘वंडरफुल टुनाईट’बद्दल. पार्टीला निघण्यासाठी त्यांच्या जोडीदार पॅटी बॉइड तयार होत होत्या, त्यांची वाट बघता बघता क्लॅप्टन यांनी १९७६ मध्ये हे गाणं रचलं. १९७७ च्या ‘स्लोहँड’ या अल्बममध्ये ते आलं.

प्रश्न : लग्नाआधी, १९८९ साली, मिस्टरांनी मला एक कॅसेट भरून दिली होती. एका बाजूला दुकानातून भरून घेतलेली गाणी, त्यात ‘वंडरफुल टुनाईट’. दुसऱ्या बाजूच्या शेवटी घरच्या टेपवर भरलेला त्यांचा दोनेक मिनिटांचा आवाज. ते आता नाहीत. कॅसेट लावली की आवाज दबका येतो आणि गाणं पळाल्यासारखं वाटतं. मुलगा पेटीवर बघून म्हणतो, पांढरी पाचचं गाणं काळी चारमध्ये वाजतंय. ही कॅसेट कशी जपावी?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी ती कॅसेट पुन्हा लावणं थांबवा. दोन्ही बाजूंच्या रेकॉर्डिंगच्या चिमट्या, म्हणजे मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे, मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

आता खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड बघा. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात माळ्यावरच्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत चार-पाच दिवस ठेवा, आणि मगच नाकाला मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशनं कड झाडा. तशीच लावली तर बुरशी टेपच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

दबक्या आवाजाची कारणं बहुधा दोन. एक, हेडवरचा मळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड जेमतेम ओला करून हेड पुसा. रबरी चाकाला मात्र ते लावू नका, त्याला ओलसर फडकं पुरे. दुसरं कारण कॅसेटमध्येच असतं. फीत हेडवर दाबून धरणारा नखाएवढा फेल्टचा तुकडा पितळी पट्टीवर चिकटवलेला असतो. त्याचा गोंद सुकतो, तुकडा गळून पडतो आणि वरचे सूर गायब होतात. तो चिकटवत बसू नका. पाच स्क्रूंची एखादी निकामी कॅसेट घ्या, टेबलावर आडवी ठेवून उघडा आणि तुमच्या कॅसेटची दोन्ही चाकं एकदमच उचलून तिच्यात बसवा. वरखालचे पातळ कागद विसरू नका, ते राहिले तर फीत अडकते. तुमची कॅसेट बिनस्क्रूची, जोडून टाकलेली असेल तर हे काम टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. फीत तुटली तरी घाबरू नका. एका सेकंदात ४.७६ सेंटिमीटर फीत सरकते, म्हणजे दोन सेंटिमीटर कापून टाकली तरी अर्ध्या सेकंदाहून कमी आवाज जातो. साधा सेलोटेप मात्र नको. त्याचा चिकटा बाहेर येतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना धरतात. फितीचीच खास चिकटपट्टी मिळते, ती मागच्या बाजूनं लावावी.

आता वेग. पांढरी पाचऐवजी काळी चार ऐकू येणं म्हणजे पट्टी अर्धा सूर वर, म्हणजेच सुमारे सहा टक्के जास्त वेग. दुकानात विकत घेतलेली एखादी कॅसेट त्याच टेपवर लावून बघा. ती बरोबर वाजली तर तुमचा टेप ठीक आहे, १९८९ मध्ये ज्या मशीनवर गाणी भरली ते मशीन हळू चालत होतं. मग मोटारीच्या स्क्रूला हातच लावू नका. दुरुस्ती कॉम्प्युटरवर होते.

मोबाईल स्पीकरसमोर धरून घेऊ नका, खोलीचा घुमारा त्यात कायमचा बसतो. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या छोट्या पेटीच्या) लाइन-इनला द्या. आधी फीत पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. ऑडॅसिटी या आवाज भरण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्‌झ, २४ बिटला अख्खी बाजू एकसलग घ्या, सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. ही मूळ वेव्ह फाइल तशीच दोन ठिकाणी ठेवा. पुढचं सगळं तिच्या प्रतीवर करायचं.

समजा, सीडीवर गाणं २२० सेकंदांचं आहे आणि तुमच्याकडे २०८ सेकंदांत संपतंय. २०८ भागिले २२० म्हणजे ०.९४५, तेव्हा ‘चेंज स्पीड’मध्ये उणे साडेपाच टक्के घाला. ‘चेंज पिच’ वापरू नका. त्यानं पट्टी उतरते, पण लय पळतीच राहते.

मिस्टरांच्या आवाजाला हाच आकडा लावू नका, हे सर्वांत महत्त्वाचं. तो घरच्या टेपवर भरलाय, त्या टेपचा वेग वेगळा असणार. तिथं वेगळी खूण शोधावी लागते. टेप विजेवर लावून भरलं असेल तर आवाजाखाली बारीक गुणगुण असते, आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची आणि तिच्या दुपटीची. आताचा टेप सेलवर चालवून तेवढा भाग पुन्हा घ्या, म्हणजे आजच्या विजेची गुणगुण मिसळणार नाही. मग ऑडॅसिटीच्या वारंवारतेच्या आलेखात शिखर १०० हर्ट्‌झऐवजी १०४ वर दिसलं, तर आवाज चार टक्के पळतोय. विजेची वारंवारता तेव्हा थोडी वरखाली व्हायची, म्हणून शेवटचा कौल तुमच्या कानाचा. आणि त्या दोन मिनिटांवर खरखर काढायचं बटण दाबू नका. खरखरीबरोबर श्वास जातो, ‘स’ आणि ‘श’ पाण्यातून आल्यासारखे होतात. खरखर राहू द्या.

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ‘वंडरफुल टुनाईट’ गिटारवर म्हणायचं आहे. माझा आवाज खालचा आहे. शिवाय पावसाळ्यापासून तारा उंच झाल्यात, बोटं दुखतात.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : गाणं जी मध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये आहे. कॉर्ड जी, डी (खर्जात एफ शार्प), सी, डी. पुढे ई मायनर येतो. कॅपोनं, म्हणजे मानेवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्यानं, पट्टी वरच जाते, म्हणून खाली यायला आकार बदला: डी, ए (खर्जात सी शार्प), जी, ए आणि ई मायनरच्या जागी बी मायनर. कॅपो तिसऱ्या पडद्यावर लावला तर पांढरी चार मिळते, दुसऱ्यावर लावला तर पांढरी तीन. बहीण म्हणणार असेल तर मूळचेच आकार ठेवून पाचवा पडदा, म्हणजे पांढरी एक.

डीखालचा एफ शार्प बहुतेक जण सोडून देतात, आणि तिथंच गाणं सपाट होतं. जी, एफ शार्प आणि मग सी असा खर्ज चालत जातो, त्यातच गाण्याचा जीव आहे. जाड तारेच्या दुसऱ्या पडद्यावर अंगठा वरून आणा, पाचवी तार त्याच अंगठ्याच्या कडेनं गप्प करा. सुरुवातीचे सूर मूळ इलेक्ट्रिक गिटारवर तार ताणून काढलेत. तुमच्या अकूस्टिकवर १२ नंबरच्या तारा असतील तर ताण अर्धवट पोचतो आणि सूर बेसूर लागतो. त्यापेक्षा दोन पडदे घसरत जा, मींड घेतल्यासारखं. आणि लय वाढवू नका. लोकांसमोर हात पळतोच, म्हणून मेट्रोनोम मिनिटाला ९५ च्या आसपास लावून आठवडाभर तालीम करा.

तारा उंच होण्याचं कारण दमट हवा. लाकूड पाणी पितं, पुढची फळी फुगते, घोडी वर येते. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर अंतर असावं. लगेच घोडीचं हाड घासू नका, नाहीतर मार्चमध्ये फळी बसली की तारा झिणझिणतील. तानपुऱ्यात मिरजेचे कारागीर जी झणझण जवारी लावून मुद्दाम काढतात, ती गिटारमध्ये दोष ठरते. गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४५ ते ५५ मध्ये राहू द्या. दहा दिवसांनी पुन्हा मोजा. तरीही तारा उंचच असतील तर पहिला आणि चौदावा पडदा दाबून सातव्यापाशी फट बघा. पातळ व्हिजिटिंग कार्डाहून जास्त असेल तरच मानेतला रॉड पाव फेरा आवळा आणि एक रात्र थांबा.

प्रश्न : वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. कॉलेजच्या काळातली रॉक गाणी लागली की गुणगुणतात. कशी लावावीत?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : त्यांच्या साधारण पंधरा ते पंचवीस वयातली गाणी निवडा, त्या काळातल्या आठवणी सर्वांत घट्ट असतात. मूळ रेकॉर्डिंगच लावा, रिमिक्स नको. आवडतं गाणं डोक्यात पट्टीसकट बसतं. १९९४ मध्ये संगीत आणि मेंदूचे अभ्यासक डॅनिएल लेव्हिटिन यांनी ४६ जणांना आवडीची गाणी आठवून म्हणायला लावली, तेव्हा दोनपैकी एका वेळी तरी ४० टक्के लोकांनी नेमका मूळ सूर पकडला. गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, मध्येच जाहिरात वाजली की ते दचकतील. कानावर बसणारा मऊ हेडफोन घ्या, कानात खुपसायचा नको. टीव्ही बंद ठेवा. एका वेळी तीन-चार गाणी पुरेत. ते अस्वस्थ झाले, हेडफोन ओढू लागले तर लगेच थांबवा आणि ते गाणं यादीतून काढा. गुणगुणू लागले तर तुम्हीही हळू आवाजात सूर धरा, पण ‘हे कुठलं गाणं, आठवतंय का?’ असं विचारू नका.