सपोर्ट गाडी येईपर्यंत: सायकलपटूंची प्रश्नोत्तरे

पहिल्यांदाच ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये उतरते आहे. सायकलच्या ४० किमीत पंक्चर झालं तर मेकॅनिकची गाडी बदलून देईल ना? माझा भाऊ चाक घेऊन रस्त्यात थांबला तर चालेल का? (सुदामानगर, इंदूर)

भावाला घरीच थांबू द्या. बाहेरच्या माणसाची मदत घेतली की बाद होण्याची वेळ येते. बहुतेक स्पर्धांत दुसऱ्या स्पर्धकाकडून ट्यूब किंवा पंप घेता येतो. पण त्याचं चाक घेतलं आणि त्याची शर्यत तिथेच संपली, तर ते नियमात बसत नाही. अधिकृत गाडी येईल, पण ती त्या वेळी कुणाच्या तरी तुटलेल्या चेनपाशी अडकलेली असू शकते. दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून सोडवायची पट्टी) आणि पंप सोबत हवेतच. मागचं चाक काढण्याआधी चेन सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून चिंधी फिरवा. बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच राहिला तर दुसरी ट्यूबही जाते.

मागच्या शर्यतीत गाडीने दिलेलं चाक माझ्या सायकलला बसलंच नाही. चूक कुणाची? (महू)

चूक कुणाचीच म्हणता येणार नाही, पण तयारी तुमची आणि आयोजकांची, दोघांचीही कमी पडली. तुमची सायकल डिस्क ब्रेकची आहे की रिम ब्रेकची, अॅक्सल (चाकाचा आस) १२ मिमीचा, आरपार जाणारा थ्रू अॅक्सल की खटक्याने उघडणारा क्विक रिलीज, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) १४० मिमीचा की १६०, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) ११ स्पीडची की १२, यातलं एक जरी जुळलं नाही तरी चाक निरुपयोगी. आयोजकांनी ही माहिती नोंदणीच्या वेळीच विचारायला हवी, आणि माझा त्याबद्दल आग्रह आहे. तुम्हीही ती चिठ्ठीवर लिहून सीट पोस्टला (सीटखालच्या दांड्याला) चिकटवा, म्हणजे मेकॅनिकला विचारत बसावं लागत नाही.

हा त्रास जगात सगळीकडे आहे. २०१६ च्या टूर दि फ्रान्समध्ये मों व्हांतूच्या चढावर सायकल मोडल्यावर क्रिस फ्रूम या स्पर्धकाला माविकची, म्हणजे सर्व संघांना मदत करणाऱ्या गाडीतली, पिवळी सायकल मिळाली. ती त्याच्या मापाची नव्हती, आणि त्याला संघाच्या गाडीची वाट पाहावी लागली.

डिस्कवाल्यांना एक सांगणं. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका; पॅड आत येऊन चिकटतात आणि रोटर आत जात नाही. जाड पुठ्ठ्याचा तुकडा पॅडमध्ये सरकवून ठेवा. भेरूघाट उतरून आल्यावर रोटरला हात लावू नका, भाजेल. आणि बोटाचं तेल लागलं तर ब्रेकही बिघडतो.

सीओटू सिलिंडरने भरलेलं टायर दुसऱ्या दिवशी बसलेलं असतं. (राजेंद्रनगर)

तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर निघून जातो. पंक्चर असेलच असं नाही. घरी आल्यावर तो सोडून पंपाने भरा.

२०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब सायकल फेरीला) नवरोबा गाडी घेऊन मागे येऊ म्हणतात. (विजयनगर)

त्यांना कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी ठिकाणी, भेटायला सांगा. मदत तिथेच चालते. दोन कंट्रोलच्या मध्ये घेतली तर दंड होतो. साडेतेरा तासांची मुदत असते, त्यात पंक्चर काढायला वेळ मिळतो. हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा) मात्र स्वतःच्या फ्रेमचा न्या. तो फ्रेमगणिक वेगळा असतो, आणि खंडवा रोडवरच्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही.