मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरी सासू-सासरे, आम्ही दोघे आणि धाकटे दीर अशी पाच माणसे आहेत. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना लकवा मारला, तेव्हापासून मला यजमानांची काळजी वाटते. ते 44 वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात उपकेंद्रावर त्यांचा रक्तदाब 136/88 निघाला. सिस्टरांनी गोळी दिली नाही. जेवणखाण सांभाळा आणि महिन्याने पुन्हा या, असे सांगितले. मी त्यांच्यापुरती अळणी भाजी वेगळी काढते, पण ते वरून ठेचा आणि लोणचे घेतात. शेतात घाम गाळणाऱ्याला मीठ लागतेच, असे सासूबाई म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, सिस्टरांनी योग्य तेच सांगितले. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. तुमचे यजमान त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहेत, आणि वडिलांना लकवा झालेला असल्यामुळे त्यांनी आत्ताच सावध होणे फार गरजेचे आहे. या अवस्थेत काहीही दुखत-खुपत नाही, म्हणूनच माणूस मनावर घेत नाही.

एकट्यासाठी अळणी भाजी काढणे मात्र थांबवा. एका ताटात अळणी आणि शेजारच्या ताटात चवदार भाजी असली, की अळणी खाणारा ठेच्याकडे हात नेणारच. त्याऐवजी साऱ्या घराचे मीठ थोडे थोडे कमी करा. जिभेला कमी मिठाची सवय लागायला काही आठवडे जातात. एकदम कमी केले तर घरात कुरबुर होते, हळूहळू केले तर फारसे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

किती मीठ लागते, हे मोजण्याची सोपी रीत सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ खावे. तुमच्या घरच्या पाच जणांचे मिळून ते 25 ग्रॅम होते. म्हणजे एक किलोचा पुडा निदान 40 दिवस पुरायला हवा. पुडा फोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि जनावरांना द्यायचे मीठ वेगळे ठेवा. पुडा 20 दिवसांतच संपला, तर प्रत्येकाच्या पोटात रोज 10 ग्रॅम मीठ जाते आहे, असे समजा. विकतचे फरसाण, शेव आणि बिस्किटे यांतले मीठ या हिशेबात आलेलेच नाही.

उन्हाळ्यात आपण वर्षभराचे वाळवण घालतो, त्याकडे विशेष लक्ष द्या. उडदा-मुगाच्या पापडात मिठाखेरीज पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असते. भज्यांत घालायच्या खाण्याच्या सोड्याचेही तसेच. रक्तात सोडियम वाढले की ते पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढतो. म्हणून पापड, कुरडया आणि लोणचे सणासुदीला ठेवावे, रोजच्या ताटात नको. कणकेत आणि भातात मीठ घालूच नये. ज्वारीच्या भाकरीला तर ते लागतच नाही. ठेचा बंद करायला मी सांगणार नाही, कारण ते कुणी पाळणार नाही. मात्र मिरची-लसूण वाटताना मीठ निम्मे घाला आणि वर लिंबू पिळा. अंबाडीची भाजी मुळातच आंबट असते, ती कमी मिठातही चांगली लागते. जवसाच्या चटणीचेही मीठ असेच कमी करता येईल.

मीठ कमी करण्याइतकेच भाज्या, डाळी आणि फळे वाढवणे महत्त्वाचे आहे. पालक, शेवगा, तुरीचे वरण, केळी, संत्री यांतून पोटॅशियम मिळते आणि ते जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण घामावाटे मीठ जाते. पण रोजच्या जेवणातून ते भरून निघते, आणि उन्हाची सवय झाल्यावर शरीर घामातून मीठ कमी टाकू लागते. वैशाखातल्या उन्हात गोळे आले, चक्कर आली, तर सावलीत बसवून ओआरएसचे पाणी द्यावे आणि बरे न वाटल्यास लगेच दवाखाना गाठावा. त्या एका दिवसासाठी वर्षभर खारट खाण्याचे कारण नाही.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असेही पुष्कळ जण विचारतात. निंदण-वेचणीच्या दिवसांत तो खरोखरच लागत नाही. पण पूर्वी पायी शेतावर जाणारा माणूस आता दुचाकीने जातो आणि पीक घरी आले की मृगापर्यंत पारावर बसतो. त्या महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, धाप न लागता पण झपझप चालावे. पोट सुटले असेल तर वजन उतरवावे; साधारणपणे एक किलो वजन कमी झाले, की रक्तदाबाचा वरचा आकडा एकाने खाली येतो. दारू घेत असतील तर ती सोडावी.

प्रश्न : सैंधव मीठ खाल्ल्याने रक्तदाब वाढत नाही, असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, आणि आयोडीनयुक्त मीठ सोडून तेच खाल्ले तर शरीराला आयोडीन कमी पडू शकते. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते.

प्रश्न : मी 38 वर्षांचा शेतकरी आहे. रब्बीत रात्रीच्या विजेवर हरभऱ्याचे ओलित करतो. जागरणात चहा आणि खर्रा चालतो. अशाच एका सकाळी तपासले तर रक्तदाब 150/94 निघाला. गोळी सुरू करावी का?

उत्तर : एका सकाळच्या आकड्यावरून ते ठरवता येत नाही. जागरणाने, चहाने आणि खर्ऱ्यातल्या तंबाखूने तेवढ्यापुरता रक्तदाब वाढतो. पुरेशी झोप झालेल्या दिवशी उपकेंद्रावर जा. तिशीपुढच्या सर्वांची ही तपासणी तिथे मोफत होते. आधीच्या अर्ध्या तासात चहा, बिडी, खर्रा काही घेऊ नका, लघवीला जाऊन या, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा आणि थोड्या अंतराने दोनदा मोजून घ्या. आणखी दोन-तीन दिवशी असेच मोजून आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मात्र छातीत दुखले, बोलताना जीभ जड झाली किंवा हातापायातली शक्ती गेली, तर वहीची वाट न पाहता तातडीने दवाखान्यात जा.

ओलिताच्या पाळ्या टळणार नाहीत, हे मी जाणतो. जमल्यास भावाबरोबर किंवा शेजाऱ्याबरोबर रात्री वाटून घ्या, दुसऱ्या दिवशी दुपारी झोप भरून काढा. खर्रा मात्र पूर्ण सोडा. त्याने तोंडाचा कर्करोग होतो आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. जागे राहण्यासाठी खिशात भाजलेले हरभरे ठेवा, बिनमिठाचे.