संगणकासाठी हजार वॅटचा पॉवर सप्लाय निवडताना
आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटेच ४५० वॅटपर्यंत वीज घेते आणि क्षणभर त्याहूनही वर उसळते. म्हणून कंपनीने सुचवलेल्या ८५० वॅटवर न थांबता सगळ्या संगणकाला वीज पुरवणारा सप्लाय १००० वॅटचा घ्यावा, असे माझे मत आहे. सप्लायवरचा ‘गोल्ड’ हा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, टिकाऊपणाचा नव्हे. आपल्याकडे ओलिताचे पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते, त्यामुळे १०० ते २४० व्होल्टवर चालणारेच मॉडेल पाहावे. कार्डाची केबल पूर्ण आत बसवावी. अर्धवट बसलेला कनेक्टर वितळू शकतो. मे महिन्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जावे. माझ्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत, त्या कोरड्या पडलेल्या अर्थिंगमुळेच.