चौदा महिन्यांची पोटगी थकली आहे? आधी कॅलेंडर काढ

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: घटस्फोट झालाय, दोन्ही मुलं तुझ्याकडे आहेत. कौटुंबिक न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुलांसाठी महिना ८,००० रुपये लावले, दर महिन्याच्या १० तारखेच्या आत. चार महिने पैसे आले आणि मग १४ महिने छदामही नाही. तो म्हणतो नोकरी गेली. भाऊ म्हणतो नाद सोड. आणि तुला धास्ती, की अर्ज केला नि तो आत गेला तर येणारे पैसेही येणार नाहीत.

वयाने धाकटी दिसतेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मी वकील नाही. माझ्या मुलीच्या पोटगीसाठी सहा वर्षं कोर्टातली बाकं झिजवलीत, तेवढाच माझा अधिकार.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढ. थकलेली पोटगी म्हणजे १,१२,००० चा एक ढीग नव्हे. प्रत्येक महिना हे वेगळं देणं आहे आणि प्रत्येकाची मुदत वेगळी चालू असते. वॉरंट काढून वसुली करायची असेल, तर ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज पडावा लागतो. तुझे १४ महिने झालेत, म्हणजे पहिले दोन त्या वाटेने हातचे गेले. येत्या १० तारखेला तिसरा जाईल. मी नेमकं हेच केलं होतं. ‘जरा मोठी रक्कम साठू दे, मग एकदमच टाकू’ म्हणत बसले आणि सात महिने मुदतीबाहेर घालवले.

मुदतीबाहेर गेले म्हणजे ते पैसे बुडाले असं नाही. वॉरंटची वाट बंद होते, हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलंय. ते पैसे दिवाणी हुकूमनाम्यासारखे वसूल करता येतात, म्हणजे दरखास्त (हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावायची. पण दरखास्त म्हणजे बैलगाडी गं. म्हणून आधी १२ महिन्यांचा वसुली अर्ज टाक, मागच्या दोनांचं नंतर बघता येईल. आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी नवा अर्ज टाकत राहा. क्लार्क तोंड वाकडं करेल, करू दे.

कलमाचा घोळ होईल म्हणून सांगते. १ जुलै २०२४ पासून १२५ च्या जागी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. तोंडी सगळे अजून ‘एकशे पंचवीस’च म्हणतात, मजकूर जवळपास तोच आहे.

आता तुरुंगाची भीती. आधी वसुलीचं वॉरंट निघतं. ते बजावूनही पैसे आले नाहीत तर कैद, तीही एका महिन्यापर्यंत किंवा त्याआधी पैसे भरले तर तेवढ्यापुरती. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, १९८८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. आणि खरं सांगू? आत जाईपर्यंत ताणणारे थोडेच. आमच्याकडचे गृहस्थ, म्हणजे माझ्या मुलीचे वडील, तीन वर्षं ‘कफल्लक आहे’ म्हणत होते. अजामीनपात्र वॉरंट निघाल्याचं कळलं, तसे दुसऱ्या दिवशी चुलतभावाला घेऊन निम्मी रक्कम रोख भरायला हजर.

अर्थात ते वॉरंट बजावून घेणं हीच खरी लढाई. माझं तीन वेळा पोलीस ठाण्यातून परत आलं, शेरा एकच: ‘सदर इसम मिळून आला नाही’. सदर इसम रोज संध्याकाळी चौकातल्या टपरीवर बसायचा! चौथ्या वेळी वकीलबाईंना सांगून अर्जातच राहत्या जागेचा पत्ता, कामाची जागा, गावाकडचा पत्ता आणि गाडीचा नंबर दिला, आणि गावची यात्रा कधी आहे तेही. यात्रेला माणूस घरी असतोच. कागद निघाला की ठाण्यात जाऊन कोणत्या हवालदाराकडे गेलाय ते विचार, नाव लिहून घे, फोन करत राहा. लाज वाटते पहिल्यांदा. नंतर वाटत नाही.

नोकरी गेल्याचं म्हणशील, तर त्याने ते तुला सांगून भागत नाही. रक्कम कमी करून हवी असेल तर त्यानेच कोर्टात अर्ज करून सिद्ध करायचं. तसा आदेश होईपर्यंत ८,००० म्हणजे ८,०००. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना, बायकोमुलांना पोसलं पाहिजे, असं न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आलीत. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर (प्रकरण आपल्या नागपूरकडचंच) पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता, कर्ज आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं. तुझ्या मूळ फाइलमध्ये त्याचं असेल. त्याची प्रमाणित नक्कल काढ आणि आज तो सांगतोय त्याच्याशी ताडून बघ.

शिवाय स्वतः थोडी शोधाशोध कर. त्याच्या गावचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. माझ्या सासऱ्यांच्या निधनानंतर वारस नोंद होऊन मुलीच्या वडिलांचं नाव उताऱ्यावर चढलं होतं, हे मला एका रात्री मोबाइलवर कळलं. शपथपत्रात मात्र ‘स्थावर: निरंक’. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करण्यासाठी कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांकडेही वॉरंट पाठवू शकतं. तो उतारा पुढे ठेवल्यावर समोरच्या वकिलांचा आवाज एकदम खाली आला.

पुन्हा कुठे पगारावर लागला असेल तर उत्तमच. दरखास्तीत पगार जप्त करता येतो. साध्या कर्जासाठी पगाराचा थोडाच भाग हाती लागतो, पण पोटगीसाठी दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. तुझी घरगुती हिंसाचार कायद्याखालचीही केस असेल आणि तिथे रक्कम ठरली असेल, तर मॅजिस्ट्रेट थेट मालकाला सांगू शकतात की पगारातून कापून हिच्या खात्यात टाका. ही सोय फार कमी जणी मागतात.

तो अधूनमधून थोडे पैसे टाकेल. घे, नाही म्हणू नकोस. पण त्याच मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅप कर: ‘मार्चच्या ८,००० पैकी ३,००० मिळाले, ५,००० बाकी.’ मुलाच्या हातात दिलेली रोख रक्कम, वाढदिवसाची सायकल, दिवाळीचे कपडे हे सगळं उद्या ‘पोटगी दिली’ म्हणून सांगितलं जातं. पैसे फक्त खात्यातच. पासबुकाला पर्याय नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात ‘चाळीस हजार घ्या आणि पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करा’ असं होईल. तेव्हा दमलेली असशील, घरी मुलं वाट बघत असतील, आणि सही करावीशी वाटेल. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असतील तर पेन खाली ठेव. चाळीस घ्यायचे तर ‘थकबाकीपैकी अंशतः’ असं लिहून घे.

एक चूक मी केलीय, ती तू करू नकोस. पैसे देत नाही म्हणून दोन रविवार मी मुलीला भेटीला पाठवलं नाही. त्याने लगेच अर्ज ठोकला. न्यायाधीशबाईंनी आधी मलाच झापलं आणि माझा वसुली अर्ज पुढच्या तारखेवर गेला. भेट आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बहुतेक न्यायालयाच्या आवारातच असतं. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, नोकरी करत असलीस तरी वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोन करूनही चौकशी करता येते. मिळणारे वकील कसे निघतील हा नशिबाचा भाग. माझ्या बाई खमक्या होत्या.

भावाला सांग, पैसे तुझे नाहीत, मुलांचे आहेत. तू उद्या दुसरं लग्न केलंस तरी मुलांची पोटगी थांबत नाही, त्यामुळे सोडून द्यायचा अधिकार तुलाही नाही आणि मामालाही नाही.

सोमवारी आदेशाची प्रमाणित प्रत, पासबुक आणि महिनावार तक्ता घेऊन निघ. तक्त्यात चारच रकाने कर: महिना, देय तारीख, मिळाले, बाकी. आणि मला इथेच दोन गोष्टी कळव: शेवटचा हप्ता नेमका कोणत्या तारखेला आला, आणि तो आता राहतो ते ठिकाण तुझ्याच जिल्ह्यात आहे का. जिल्हा वेगळा असेल तर तो जिथे असेल तिथल्या कोर्टातूनही अंमलबजावणी मागता येते, पण मग अर्ज कुठे टाकायचा हे आधी ठरवावं लागेल.